सासूबाईंना मारलेली थाप

"दाखवा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

चष्मेवाल्याने हातातली पाच पानं टेबलावर मांडली. पाचांपैकी एकाचं दुसऱ्याशी काडीचं नातं नव्हतं. एक सत्ती, एक दुर्री, एक गुलाम. उरलेल्या दोघांबद्दल न बोललेलंच बरं. सासूबाईंनी आपली पानं उलटली. नव्व्यांची जोडी. तशी काही फार थोर पानं नव्हती, पण जावयाची थाप पकडायला तेवढी पुरली. त्यांनी मधली बटणं ओंजळीने आपल्याकडे ओढली, आणि तोवर बिस्किट चहात गळून पडलं. त्या दुपारी त्यांचं झालं ते एवढंच नुकसान.

रविवारची जेवणं आटोपून टेबल पुसलं गेलं की त्या घरात पोकरचा डाव बसत असे. पैशांचा नाही, बटणांचा. जुन्या कपड्यांवरून कापून ठेवलेली बटणं एका पत्र्याच्या डब्यात होती. ती चौघांत सारखी वाटायची. प्रत्येकाला पाच पानं, नको असतील ती एकदा बदलून घ्यायची, आणि मग आपल्या पानांवर जितका भरवसा असेल तितकी बटणं मध्ये सरकवायची. ज्याला धीर नसेल त्याने पानं टाकून द्यायची. शेवटी टिकलेल्यांत ज्याची पानं भारी, त्याची सगळी बटणं. पण बाकीच्यांनी भिऊन आधीच पानं टाकली, तर उरलेल्याच्या हातात अगदी कचरा असला तरी बटणं त्याचीच. सगळी गंमत या शेवटच्या कलमात आहे. हातात कचरा असताना राजवाडा असल्यासारखं बसता आलं पाहिजे.

बटणं गेली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते चष्मेवाल्याचं, कारण त्याचं दुकान या खेळात अडकलं होतं.

आत्ता त्याचं दुकान म्हणजे एका औषधवाल्याच्या दुकानातला मागचा कोपरा होता. तिथे भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला, आणि तक्त्याच्या खालच्या दोन ओळींपुढे औषधवाल्याने खोकल्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली. त्यामुळे त्या कोपऱ्यात कुणाचीही नजर वरच्या पाच ओळींपलीकडे कधी तपासली गेली नव्हती. गिऱ्हाईक डोळा झाकून अक्षरं वाचत असताना मधूनच कुणीतरी "जरा सरका" म्हणून मलमाची डबी काढून नेई. याउलट सासूबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली छत्र्या दुरुस्त करणारा सोडून गेल्यापासून रिकामी पडून होती. मोठी खिडकी, भरपूर उजेड, तक्त्यासाठी हवी तेवढी लांब भिंत. चष्मेवाल्याने मनातल्या मनात तिथे आरसेसुद्धा लावून टाकले होते. अडत होतं फक्त किल्लीपाशी, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती.

सासूबाई म्हणजे बसखात्यातल्या निवृत्त तिकीट तपासनीस. त्या बसमध्ये चढल्या की तिकीट असलेली माणसंही घाबरून दुसरं तिकीट काढत, असं म्हणतात. त्यांना आजवर कुणी फसवलेलं नव्हतं. जावयाने खोलीचा विषय काढला, तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"जावईबापू, चांगल्या पानांवर कुणीही जिंकतं," त्या म्हणाल्या. "दुकान चालवायचं तर वाईट पानांवर जिंकता आलं पाहिजे. माझ्यासमोर एकदा थाप पचवून दाखवा. त्याच दिवशी किल्ली घेऊन जा."

"एवढंच ना, आई?"

"एवढंच."

चष्मेवाला मनातून खूश झाला. स्वतःवर त्याचा फार विश्वास होता. इतका, की चुकतानाही तो ठामपणे चुकत असे. शिवाय आपला धंदाच डोळ्यांचा, दिवसभर आपण माणसांच्या बुबुळांत बघतो, तेव्हा नजर कशी वाचायची आणि कशी लपवायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं त्याचं गणित होतं.

पहिली थाप त्याने मारली ती मात्र सासूबाईंपर्यंत पोचलीच नाही. वाटेत सासरे बसले होते.

सासरे सार्वजनिक बागेवर देखरेख करून निवृत्त झालेले. पत्त्यांचं त्यांना काही कळत नसे, आणि कळत नाही याचं त्यांना वाईटही वाटत नसे. त्यांचं एकच धोरण होतं. समोरच्याने कितीही बटणं लावोत, तेवढीच आपणही लावायची आणि म्हणायचं, "बघू तरी काय आहे." त्या दिवशी चष्मेवाल्याने निम्मी बटणं झोकात पुढे सरकवली, बायकोने पानं टाकली, सासूबाई विचारात पडल्या, आणि सासरे म्हणाले, "बघू तरी काय आहे." होतं काहीच नाही. सासऱ्यांकडे तिर्रींची जोडी होती, ती आपल्याकडे आहे हेही त्यांना लेकीने सांगितलं.

रात्री चष्मेवाल्याने आपल्या बायकोला धडा समजावून सांगितला. "थाप हुशार माणसालाच मारावी. हुशार माणूस विचार करतो, विचार केला की भितो, आणि भ्यायला की पानं टाकतो. भोळ्याला काय, त्याला नुसती उत्सुकता असते."

"म्हणजे बाबांना हरवता येत नाही?"

"बाबांना फक्त खऱ्या पानांनी हरवता येतं."

"मग आईला?"

"आईंना मी हरवणारच आहे," चष्मेवाला म्हणाला.

पण पुढचे रविवार काही तसे गेले नाहीत. सासरे बाजूला झाले तरी सासूबाई काही केल्या फसेनात. त्यांची एक पद्धत होती. त्यांना लांबचं दिसत नसे, जवळचं चांगलं दिसे, म्हणून पानं बघताना चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि पानं नाकाशी धरायच्या. मग पानं पालथी ठेवून चष्मा खाली ओढायच्या, मान किंचित कलती करायच्या आणि जावयाकडे एकटक बघत राहायच्या. तो चष्मा जावयानेच करून दिलेला होता. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्याने कौतुकाने भेट दिला होता, आणि तो घालून त्या "अगदी छान दिसतंय हो" असं सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. आता त्याच काचांतून त्या आपल्या आरपार बघतात, हे चष्मेवाल्याला जरा लागलं होतं. आपल्याच हाताने आपण फौजदार घरात आणून बसवला, असं त्याला झालं. तरी धंद्याचा अभिमानही वाटत होताच. काच चांगली बसली होती म्हणायची.

तो विचाराला लागला. सासूबाई तोंड वाचतात, ठीक आहे. मग त्यांना वाचायला आपणच काहीतरी लिहून का देऊ नये?

बेत नामी होता. खरी पानं आली की उजवा कान ओढायचा. सहज ओढल्यासारखा, पण नेमाने, एकही खरा डाव न चुकवता. कसलेला तपासनीस असली खूण टिपणारच. "कान ओढला म्हणजे याची पानं खरी" हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं, की एक दिवस हातात कचरा घेऊन कान ओढायचा. या बेतात खोट एवढीच होती की तो तडीला जाईपर्यंत पदरचं नुकसान सोसावं लागणार होतं. चष्मेवाला सोसायला तयार होता.

त्याने कान ओढायला सुरुवात केली. रविवारी चांगली पानं आली की ओढायचा, आणि ऐनवेळी विसर पडू नये म्हणून मधल्या दिवशी दुकानात सराव करायचा. नंबर नीट निघाला, ओढ कान. काच बरोबर बसली, ओढ कान. हळूहळू तो कान त्याच्या कह्यात राहिला नाही. चांगली बातमी ऐकली की हात आपोआप तिकडे जाऊ लागला. औषधवाला त्याच्याकडे संशयाने बघू लागला आणि एक दिवस त्याने न विचारताच कानात घालायच्या थेंबांची बाटली पुढे केली.

सासूबाई मात्र ताकास तूर लागू देत नव्हत्या. कान ओढला तरी चेहरा तोच, न ओढला तरी तोच. चष्मेवाल्याने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. कळलंय त्यांना, म्हणून तर इतक्या गप्प आहेत. कच्चा माणूस असता तर बोलून गेला असता.

ज्यांनी टिपायला नको त्यांनी मात्र ते टिपलं. सासऱ्यांनी विचारलं, "डास चावतात का हो तुम्हाला?" आणि बायकोने तर सरळ दिवा धरून कानात बघितलं.

बायको पोहणं शिकवत असे. तिच्या लेखी माणसाला आजार दोनच, पायात गोळा येणं आणि कान. तिच्या पिशवीत शिट्टीच्या शेजारी कायम थेंबांची बाटली आणि कापूस असायचा.

"सुजलाय," ती म्हणाली.

"काही होत नाहीये मला."

"सगळे असंच म्हणतात. मग आठवड्याने रडत येतात. लाल बघ किती झालाय. आणि दुसरासुद्धा बघायला हवा, एकाचं दुसऱ्याला लागतं."

आता आपण कान मुद्दाम ओढतो, तुझ्या आईला फसवण्यासाठी, हे तिला सांगायची सोय नव्हती. बायकोला मनात काही ठेवता येत नसे. तिने बातमी त्याच संध्याकाळी आईला पोचवली असती. त्यामुळे चष्मेवाल्याला आजारी पडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब. रविवारी जेवण झाल्यावर थेंब, आणि वर दोन्ही कानांत कापसाचे असे बोळे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं याच्या डोक्यात उशी भरलीय आणि ती बाहेर यायला बघतेय.

नेमका तोच रविवार त्याने थापेसाठी धरून ठेवला होता. कापसाने तो जरा खट्टू झाला, पण मग त्याच्या लक्षात आलं की उलट बरंच झालं. एवढा पांढरा बोळा असल्यावर कानाकडे लक्ष जाणारच.

सासऱ्यांचीही त्याने व्यवस्था केली होती. तो एक कुंडी घेऊन आला होता, आणि कुंडीत कुठल्यातरी रोपट्याचे दोन कोवळे अंकुर होते. डाव रंगात येतोय असं वाटलं तसा तो सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, हे आमच्या दुकानामागे उगवलंय. कुणालाच ओळखू येईना."

"बघू तरी काय आहे," सासरे म्हणाले आणि पानं टाकून कुंडीसह गॅलरीत गेले.

पुढची पाच पानं वाटली गेली. चष्मेवाल्याला आली राणी, अठ्ठी, पंजी, चौकी आणि दुर्री. त्याने तीन बदलली आणि जी आली ती आधीच्यांपेक्षाही वाईट होती. त्याचं मन आनंदाने भरून आलं. इतका निर्मळ कचरा त्याने आजवर हातात धरला नव्हता. बायकोने आपली पानं बघून टाकून दिली. उरल्या सासूबाई.

चष्मेवाल्याने उजवा कान ओढला. कापसावर बोट गेलं म्हणून पुन्हा एकदा, नीट, ओढला. मग त्याने मूठभर बटणं उचलली आणि मध्ये ठेवली.

सासूबाईंनी चष्मा खाली ओढला, मान कलती केली. तेवढीच बटणं त्यांनीही लावली.

चष्मेवाल्याने आणखी दोन मुठी ठेवल्या. कानांतल्या कापसामुळे त्याला सगळं जग मऊ लागत होतं. बटणं टेबलावर पडली ती त्याला बर्फ पडावा तशी बिनआवाजी वाटली. बायको मात्र दचकली आणि तिने कपबशी सावरली.

सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या थांबल्या. त्यांनी आपली पानं पुन्हा नाकाशी धरून बघितली, पुन्हा खाली ठेवली, मान पुन्हा कलती केली. चष्मेवाला त्यांच्याकडे शांतपणे बघत होता. बघा म्हणावं, हवा तेवढा वेळ बघा, कान कुठे जात नाही. मग त्यांचे ओठ हलले. त्या काहीतरी म्हणाल्या, आणि चष्मेवाल्याला वाटलं, त्यांनी आणखी बटणं लावली. त्याने उरलीसुरली सगळी बटणं दोन्ही हातांनी लोटून दिली. त्यातली चार-पाच जमिनीवर उडाली.

"अरे, आई पानं टाकते म्हणतेय," बायको ओरडली. "कुणाशी खेळतोयस?"

"काय?"

बायकोने वाकून त्याच्या कानातला बोळा उपसला. "टाकली. आईने. पानं."

चष्मेवाला उठून उभा राहिला. त्याने आपली पानं एकेक करून टेबलावर मांडली, लग्नातला आहेर मांडावा तशी. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला, एकेक पान उचलून नाकाजवळ नेलं, आणि पाचही बघून झाल्यावर पहिलं पुन्हा बघितलं. त्यांच्या स्वतःच्या हातात दोन राजे होते. मग त्या बाई शब्दाच्या किती पक्क्या ते कळलं. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

इथे चष्मेवाला गप्प राहिला असता तर ही गोष्ट त्याच्या बाजूने इथेच संपली असती. पण जिंकलेल्या माणसाला आपण कसे जिंकलो हे सांगितल्याशिवाय ते पचत नाही.

"आई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण ही तयारी बरेच दिवस चालली होती. खरी पानं आली की मी कान ओढायचो. मुद्दाम. तुम्ही ते बरोबर हेरलंत. म्हणून आज कचऱ्यावर ओढला."

"म्हणजे तुला काही झालेलंच नव्हतं?" बायको म्हणाली. "मी बाटली संपवली की रे."

सासूबाई बुचकळ्यात पडल्या होत्या. "कान?" त्या म्हणाल्या. "कुठला कान?"

"अगं, हा," बायको म्हणाली. "टोमॅटोसारखा झालाय. मी म्हटलंही तुला, त्याला कापूस घालावा लागतोय म्हणून."

"हो, हो. दिसला की," सासूबाई घाईने म्हणाल्या. "डावा ना?"

कापूस अजून डाव्या कानात होता. पण लाल, सुजलेला आणि महिनाभर ओढलेला कान उजवा होता, आणि तो आता उघडा, त्यांच्यापासून टेबलभर अंतरावर, खिडकीच्या उजेडात लकाकत होता.

त्याच्यातला जुगारी मागे सरला आणि चष्मेवाला पुढे झाला.

"आई, चष्मा जरा देता?"

"कशाला? छान आहे चष्मा."

"पुसून देतो."

सासूबाईंनी तो नाइलाजाने काढून दिला. चष्मेवाल्याने तो हातभर लांब धरला, त्यातून खिडकीच्या गजाकडे बघत चष्मा डावीकडे-उजवीकडे हलवला. एका काचेतून गज जेमतेम हलला, दुसऱ्या काचेतून बारीक होऊन पळत सुटला. सासूबाईंचे नंबर त्याला पाठ होते. उजव्या डोळ्याचा मोठा, डाव्याचा अगदी लहान. आणि गज पळत होता तो डाव्या काचेतून.

काचा उलट्या बसल्या होत्या. उजवीची डावीकडे आणि डावीची उजवीकडे. कसं झालं तेही त्याला तिथल्या तिथे आठवलं. काचांचा ट्रे टेबलावर ठेवलेला, औषधवाल्याने धूळ झटकायला तो उचललेला आणि उलटा ठेवलेला. दुसऱ्या कुणाचा चष्मा असता तर देण्याआधी त्याने तो तपासला असता. पण घरचा चष्मा, म्हणून तसाच डबीत घालून वर फीत बांधली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, फीत बांधून.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

किल्ली टेबलावर होती. बायको अभिमानाने त्याच्याकडे बघत होती. सासूबाईंच्या नाकावर तर आता चष्माही नव्हता. थाप मारायला याहून चांगली वेळ शोधून सापडली नसती. "काही नाही," चष्मेवाला म्हणाला. "स्क्रू जरासा..."

"जावईबापू," सासूबाई हलकेच म्हणाल्या, "खोटं बोलताना तुम्ही शब्द अंड्यांसारखे ठेवता. बटणंही तशीच ठेवता, इतकी अलगद की फुटतील की काय. आज आदळलीत, म्हणून फसले मी."

चष्मेवाला परत खुर्चीत बसला. म्हणजे इतके रविवार ही बाई आपल्याकडे बघत नव्हतीच, मान कलती करून ऐकत होती. आपण कान ओढत बसलो आणि ती कानाने खेळत होती. आणि बघत का नव्हती, तर बघायची सोय आपणच ठेवली नव्हती.

"आई, काचा उलट्या बसवल्यात मी," तो म्हणाला. "माझी चूक आहे. या चष्म्यातून तुम्हाला पहिल्या दिवसापासून धड दिसत नसणार."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. सासूबाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"म्हणजे डोळे बरे आहेत माझे?" त्यांनी विचारलं.

"डोळे उत्तम आहेत."

"नक्की? थाप नाही ना?"

"नाही, आई."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. "मला वाटलं, गेले," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उठून समोरच्या गच्चीकडे बघायची, अन् धुकं. चष्मा चुकलाय म्हणावं तर जावयाने दिलेला, पोरीला केवढं कौतुक. पहिल्याच दिवशी छान म्हणून बसले, मग मागे कसं फिरायचं? अन् चष्मा बरोबर असेल तर डोळेच चालले म्हणायचं. ते कुणाला सांगायचं? शेवटी म्हटलं, जोवर यातलं एक काय ते कळत नाही तोवर खोली काही द्यायची नाही. म्हणून ते पत्त्यांचं काढलं. वाटलं, तुम्हाला काय जमतंय."

"आई, एवढे दिवस?" बायको म्हणाली आणि उठून तिने आईला घट्ट धरलं.

सासरे गॅलरीतून कुंडी घेऊन परत आले. घडलेला प्रकार त्यांना सांगण्यात आला. त्यांनी "बघू तरी" म्हणून तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला, खुर्चीला धडकले, आणि चष्मा काढून म्हणाले, "ही तर गवारीची रोपं आहेत."

चष्मेवाल्याने किल्ली उचलली आणि सासूबाईंपुढे सरकवली. ते करताना त्याच्या जिवावर आलं. खोलीतले आरसे मनातल्या मनात उतरवून ठेवायला त्याला फार त्रास झाला. "ही तुम्ही ठेवा," तो म्हणाला. "घरच्या माणसाचा चष्मा ज्याला धड करता येत नाही त्याला कशाला दुकान."

सासूबाईंनी किल्ली चाचपडून उचलली आणि परत त्याच्याकडे दिली. "जिंकलीत तुम्ही. शब्द तो शब्द. पण एक खुर्ची माझी ठेवायची, दाराशी."

"बसायला?"

"तपासायला," सासूबाई म्हणाल्या.

दुकान थाटात सुरू झालं. आरसे लागले, लांब भिंतीवर तक्ता अगदी शेवटच्या ओळीपर्यंत उघडा टांगला गेला. आणि दाराशी, नव्या, बरोबर काचांचा चष्मा लावून सासूबाई बसल्या. तेव्हा कुठे चष्मेवाल्याला आपल्या धंद्यातली एक गोष्ट कळली. माणसं फार भिडस्त असतात. नवा चष्मा घातला की जवळजवळ प्रत्येक जण "छान दिसतंय" म्हणतो, पैसे देतो, आणि घरी जाऊन चष्मा खणात ठेवतो. इतकी वर्षं त्याने असल्या किती थापा खऱ्या मानल्या होत्या याला गणती नव्हती.

सासूबाई एकही मानत नव्हत्या. पहिल्याच सकाळी एक सद्गृहस्थ चष्मा लावून "वा, फारच सुरेख" म्हणत दारापर्यंत आले.

"समोरची पाटी वाचा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचली.

"ती तुम्हाला पाठ आहे, इथेच राहता तुम्ही. तिच्याखाली आज खडूने काय लिहिलंय ते वाचा."

सद्गृहस्थांनी मान पुढे केली, मागे घेतली, आणि ओशाळून हसले. "जरा धूसर आहे खरं. पण होईल सवय."

"सवय कसली," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू."

चष्मेवाला आतून रुमालाला हात पुसत आला. समोर गिऱ्हाईक होतं, पहिला दिवस होता, आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास अजून पूर्वीइतकाच शाबूत होता. "काच बरोबर आहे, आई," तो खणखणीत आवाजात म्हणाला. या वेळी त्याने शब्द चांगले आदळले. "मी स्वतः दोनदा तपासलीय."

सासूबाईंनी मान कलती केली नाही. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं. चष्मेवाल्याने आजवर पुष्कळ चष्मे केले होते, पण आपण केलेल्या काचेतून इतकं स्वच्छ दिसू शकतं याची त्याला कल्पना नव्हती.

"एकदा," तो म्हणाला.

सासूबाई बघत राहिल्या.

"तेही राहिलंच," चष्मेवाला म्हणाला, आणि सद्गृहस्थांचा चष्मा घेऊन आत गेला.